ऑपरेटरबाईंचं मीठ

ऑपरेटरबाईंना वॉर्डात आणलं तेव्हा त्या कुणाचा तरी फोन जोडून देत होत्या.

स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं पांघरुणाच्या कडेवरून सारखी फिरत होती. एक चूण इथून उचलायची, तिथे खोचायची. "थांबा हं," त्या कुणाला तरी म्हणाल्या, "लाइन जोडतेय. ठेवू नका." अंगात त्राण नव्हतं, पण आवाज इतका स्वच्छ आणि आर्जवी होता की स्ट्रेचर ढकलणारा माणूस खरंच थांबला.

वॉर्ड लांबट होता. उंच खिडक्यांना फिकट हिरवे पडदे होते आणि सकाळचं ऊन त्यांतून आत आलं की फरशी, खाटा, माणसांचे चेहरे, सगळं तळ्याच्या तळाशी असल्यासारखं दिसायचं. सिस्टरला या उजेडाची सवय होती. बरीच वर्षं तिने याच वॉर्डात काढली होती. पण त्या सकाळी, तो आवाज ऐकून, तिलाही वाटलं की आपण कुठून तरी दुसरीकडून इथे येऊन पोचलोय.

बाईंबरोबर त्यांचा मुलगा होता. खांदे दाराएवढे. व्यायामशाळेत लोकांना व्यायाम शिकवायचा. पण आत्ता तो आईची चप्पल छातीशी धरून उभा होता आणि ती कुठे ठेवायची हे त्याला कळत नव्हतं.

"आईचं डोकं फिरलंय, सिस्टर," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती ती, तारा खोचून लोकांचे फोन जोडायची. आता दिवसभर तेच चालू आहे. शेजारचे म्हणतात, वय झालं. साठी बुद्धी नाठी."

"साठी कधी झाली त्यांची?"

"झाली की दहा-बारा वर्षं."

"मग बुद्धी इतकी वर्षं वाट बघत बसली होती का?" सिस्टर म्हणाली. "हे सुरू कधी झालं ते सांगा."

"चार-पाच दिवस. आधी डोकं दुखतं म्हणाली. मग मळमळ. मग चालताना तोल जायला लागला, आणि परवापासून हे. त्याआधी ठणठणीत होती हो. शब्दकोडी सोडवायची. माझ्या बोलण्यातल्या चुका काढायची."

सिस्टरने ते मनात नोंदवलं. वर्षानुवर्षं हळूहळू विझत जाणारी माणसं तिने पाहिली होती. आठवड्याभरात कुणी असं भरकटलं तर बहुतेक वेळा शरीरात काही तरी बिनसलेलं असतं. बाईंच्या बोटाला टोचून तिने साखर तपासली. ठीक होती. ताप नव्हता. दोन्ही हात दाबायला सांगितले तर दाब सारखाच होता, पण लहान मुलाने धरावं तसा. तोंड वाकडं नाही, पायांवर सूज नाही, जीभ कोरडी नाही.

"जेवण कसं आहे?"

"कसलं जेवण! दोन घास. ब्लडप्रेशर निघालं ना, म्हणून मी मीठ बंदच केलं. सगळं अळणी."

"आणि पाणी?"

इतका वेळ पडलेला त्याचा चेहरा उजळला. "पाणी मात्र भरपूर! त्यात मी तडजोड करत नाही. उशाशी बाटल्या भरून ठेवतो, संपल्याशिवाय झोपू देत नाही. म्हटलं, आतलं सगळं धुऊन निघू दे."

"ब्लडप्रेशरची गोळी कुठली?"

त्याने खिशातून पाकीट काढलं. लघवी जास्त व्हावी म्हणून देतात त्यातली गोळी होती, दोन-तीन आठवड्यांपूर्वीच सुरू केलेली. सिस्टरने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि ती फोनकडे गेली.

डॉक्टरीणबाई शेजारच्या इमारतीत होत्या. सिस्टरने चार वाक्यांत सगळं सांगितलं. नवी गोळी मीठ बाहेर टाकतेय, ताटातून मीठ पोटात जात नाही, आणि वरून बाटल्याच्या बाटल्या पाणी. "मला सोडियम उतरल्याची शंका येतेय, मॅडम. माणूस गुंगीत आहे."

"मलाही तसंच वाटतंय. रक्त पाठवा, मी निघालेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि पाणी बंद. घोटभरही नको, मी बघेपर्यंत."

सिस्टर परत आली तेव्हा मुलगा आईचं डोकं हातावर घेऊन पेला तिच्या ओठांना लावत होता. तिने तो पेला हळूच पण घट्ट धरून काढून घेतला.

"अहो, तिला तहान लागलीय!"

"लागू दे. ओठ ओले करून देते मी."

"पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणजे..."

"पाणी वाईट नाही," सिस्टर म्हणाली. "पण रक्तात मीठ लागतं, ठरलेलं. पातेल्यात पाणी ओतत गेलं की काय होतं? मीठ तेवढंच, पण चव जाते. तसं त्यांचं रक्त पातळ झालंय, असं आम्हाला वाटतंय. ते जास्तीचं पाणी मेंदूत शिरतं, मेंदू फुगतो. मग माणूस असं बोलायला लागतो."

तो मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे मीच पाजलं तिला. अति तेथे माती, हे मी रोज लोकांना सांगतो, सिस्टर. वजनं उचलताना सांगतो."

"गोळी तुम्ही दिली नव्हती. आणि काळजी होती म्हणूनच पाजलंत. आता ती चप्पल खाली ठेवा आणि त्यांचा हात धरा."

रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ होता. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या, पाय वजनाला टांगलेला, कंटाळून गेलेल्या. ऑपरेटरबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"बोला, कुणाशी बोलायचंय?"

आजी गमतीत म्हणाल्या, "माझ्या आईशी जोडा बरं."

बाईंच्या बोटांनी पांघरुणाची एक चूण उचलली आणि दूर कुठे तरी खोचली. "लाइनवर आहेत. बोला."

आजींनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांना काही सुचेना. मग अगदी हळू म्हणाल्या, "आई, मी बरी आहे गं. पाय तेवढा मोडलाय." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. सिस्टर त्या वेळी दोन खाटांमध्ये उभी होती. तिला वाटलं, आपल्याला विचारलं तर आपण कुणाचं नाव घेऊ? आणि तिने घाईघाईने बाईंची नाडी मोजायला घेतली.

रिपोर्ट आला. सोडियम एकशे बारा. असायला हवं एकशे पस्तीसच्या वर. तोवर बाईंना एकदा उलटी झाली होती आणि त्या हाक मारल्यावरच डोळे उघडू लागल्या होत्या. ते पाहून डॉक्टरीणबाईंनी जास्त मिठाचं सलाइन लावायला सांगितलं, थोडंसंच, मशीनवर मोजून, आणि दर थोड्या तासांनी पुन्हा रक्त.

"एवढंसंच?" मुलाने पिशवीकडे पाहत विचारलं. "मीठ कमी आहे ना? मग भराभर चढवा की! संध्याकाळपर्यंत बरी होईल."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," भिंतीकडून आजींचा आवाज आला.

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत. इतक्या दिवसांत मेंदूने त्या पातळ रक्ताशी जमवून घेतलंय. एकदम खारं केलं तर तो आकसेल आणि कायमची इजा होईल. मग चालणं, बोलणं, गिळणं, काहीही जाऊ शकतं. दिवसाला आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही. आपल्याला त्यांना हळू वर आणायचंय."

हळू. त्या दुपारी वॉर्डात सगळंच हळू होतं. मशीनचा बारीक आवाज, पडद्यांचं फुगणं आणि बसणं, पाण्यातून चालावं तशी माणसांची ये-जा. सिस्टर ओल्या कापसाने बाईंचे ओठ टिपत होती. पहिली धार आत गेली तशी बाईंची उलटी थांबली, झापड थोडी उतरली. पण डोकं अजून तिकडेच होतं. उलट आता त्या जास्त स्पष्ट बोलू लागल्या.

"चढलात का खांबावर?" त्या म्हणाल्या. हे कुणा परक्या गिऱ्हाइकाशी बोलणं नव्हतं. आवाज एकदम तरुण झाला होता, आणि थोडा लटका. "सांभाळून. वारा आहे. हो, येतोय आवाज. अगदी खणखणीत येतोय."

मुलगा ताठ बसला.

"माझे वडील लाइनमन होते," तो सिस्टरला म्हणाला. "तारा दुरुस्त करायचे. मी रांगत असतानाच गेले. आई त्यांच्याविषयी बोलतच नाही. एक शब्द नाही. मी विचारणं कधीच सोडून दिलं."

"घरी काय असणार?" बाई हसून म्हणत होत्या. "घरी तुमचा कुंभकर्ण. झोपलाय. काय? छे, उठवणार नाही मी त्याला! बरं, बरं. ऐका तर मग. थांबा, जवळ नेते."

आणि त्यांनी रिसीव्हर धरावा तशी मूठ केली. सलाइनची नळी हातामागे ओढली गेली. सिस्टरने ती पटकन सावरली. ती मूठ हवेत थोडी चाचपडली आणि मुलाच्या तोंडाजवळ येऊन थांबली.

"ऐकू येतोय का श्वास?" त्या कुजबुजल्या. "येतोय ना?"

तो दांडगा माणूस हललाही नाही. आधी त्याने श्वास रोखूनच धरला. मग, जणू लांब कुठे तरी वाऱ्यात, खांबाला दोर लावून बसलेलं कुणी खरंच कान देऊन ऐकतंय असं वाटून, त्याने तो सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. आईच्या मुठीवर. सिस्टर नळी धरून उभी होती आणि तिला तिथून हलवेना.

संध्याकाळी ती दुसऱ्या सिस्टरकडे सगळं सोपवून घरी गेली. रस्त्यावर खिडक्यांतले दिवे लागत होते. प्रत्येक दिव्याखाली कुणी तरी कुणाच्या बोलण्याची वाट पाहतंय, असं तिला उगाचच वाटत राहिलं.

सकाळी आल्या आल्या तिने आधी रिपोर्ट पाहिला. आकडा चढत होता, बेताने. जास्त मिठाचं सलाइन आदल्या दिवशीच थांबवलेलं होतं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, चेहऱ्यावर रंग होता. मुलगा खुशीत होता. "रात्री मला ओळखलं तिने! नावाने हाक मारली!"

सिस्टरही हसली. मग तिची नजर खाटेच्या कडेला लावलेल्या लघवीच्या पिशवीवर गेली. पिशवी तुडुंब भरलेली होती आणि आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ. "ही कधी रिकामी केली होती?"

"आत्ताच तर त्या सिस्टर रिकामी करून गेल्या," मुलगा म्हणाला. "चांगलंच आहे ना? जास्तीचं पाणी निघतंय."

सिस्टरच्याच तोंडचं पाणी पळालं. कालपासून बंद केलेल्या गोळीचा असर ओसरला होता आणि अंगात अडकलेलं पाणी बांध फुटल्यासारखं वाहून जात होतं. पाणी असं धो धो गेलं की मागे मीठ घट्ट होणार, आणि आकडा आपोआप उसळणार. सलाइन बंद असलं तरी! तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला, लगोलग रक्त काढलं आणि नमुना कुणाच्या हाती न देता स्वतः लॅबमध्ये नेऊन दिला.

तिची शंका खरी ठरली. दिवसाची हद्द ओलांडायच्या बेतात आकडा आला होता. डॉक्टरीणबाई धावतच आल्या. लघवी रोखून धरणारं इंजेक्शन दिलं, साध्या पाण्यासारखं, बिनमिठाचं सलाइन लावलं. "आणि नीट गिळता येतंय का बघून पाणी पाजा," त्या म्हणाल्या.

सिस्टरने बाईंना टेकून बसवलं, चमचाभर पाणी देऊन पाहिलं, आणि मग पेला त्यांच्या ओठांना लावला.

मुलगा आ वासून बघत राहिला. "काल हाच पेला तुम्ही माझ्या हातून काढून घेतलात!"

"हो."

"आणि आज स्वतः पाजताय?"

"आज हवंय."

"सिस्टर, मला एकदाच काय ते सांगा. पाणी चांगलं की वाईट?"

"मी म्हणते, हिला विचारण्यापेक्षा त्या पिशवीला विचारा," आजी म्हणाल्या. त्या आता सगळा कारभार आपलाच असल्यासारख्या बघत होत्या. "काल तळं भरलं होतं, आज फुटलंय. पैलवान, जरा बाजूला व्हा, मला दिसत नाही."

दुपारपर्यंत सिस्टर त्या खाटेपासून फारशी लांब गेली नाही. किती आत जातंय, किती बाहेर येतंय, हात-पाय हलतायत ना, जीभ जड होत नाही ना, नाव विचारलं तर नीट सांगतायत ना. डोळ्यात तेल घालून ती बघत होती. पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा थोडा खाली बसला. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेऊन एक लांब श्वास सोडला आणि खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. "बरं झालं वेळेवर पाहिलंत," त्या म्हणाल्या. सिस्टर पिशवीतलं माप टिपून घेत होती.

त्यानंतरचे दिवस बाई हळूहळू वर येत राहिल्या, रोज थोड्या. आणि जसजशा त्या वर येत गेल्या, तसतसा तो आवाज खाली राहत गेला.

"जरा मोठ्याने बोला," एका दुपारी त्या म्हणाल्या. "लाइनवर खरखर आहे." थोड्या वेळाने, "हॅलो? हॅलो?" बोटं पांघरुणावरून फिरली, एक चूण उचलली, पण ती कुठे खोचायची ते त्यांना आठवेना. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. उशीवर ओला डाग पसरत गेला.

मुलगा सिस्टरच्या मागोमाग औषधांच्या कपाटापर्यंत आला. मान खाली घालून म्हणाला, "मला कळतंय, मी काय विचारतोय ते. पण ते सलाइन एखादा दिवस थांबवता येईल का? वडिलांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. म्हणजे, तिच्या तोंडून का होईना..."

"सलाइन तर कधीच काढलंय," सिस्टर म्हणाली. "आता त्या आपल्या आपणच वर येतायत."

तो उभाच राहिला. तिने कपाट बंद केलं. या माणसाला काही तरी चांगलं सांगावं असं तिला फार वाटत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "तिथे राहून त्या जगल्या नसत्या."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि आईजवळ जाऊन बसला.

पुढच्या सकाळी ऑपरेटरबाईंनी डोळे उघडले, आजूबाजूला नीट पाहिलं आणि विचारलं, "हे पडदे कुणी निवडले? माणूस बरा असला तरी आजारी दिसेल." मग मुलाकडे वळल्या. "आणि तू का रडतोयस? दाढी कर आधी."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. एक्स्चेंज नाही, खांब नाही, वारा नाही. आपण कुठे तरी छान ठिकाणी गेलो होतो आणि तिथून कुणी तरी उठवलं, एवढंच काय ते अंगात उरलं होतं, असं त्या सिस्टरला म्हणाल्या. "राग नाही हो तुमच्यावर. पण झोपमोड झाली खरी."

जेवणाचं ताट आलं तेव्हा मुलाने स्वतः त्यात मीठ आहे ना, हे चाखून पाहिलं. मग चमचा हातातच धरून म्हणाला, "आई, बाबा खांबावरून घरी फोन लावायचे का? माझा श्वास ऐकायला?"

बाईंचा घास थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

खिडकीबाहेर कुणी तरी बादली आपटली. आजींनी झोपेचं सोंग घेतलं, पण त्यांचा कान कुठे होता ते सगळ्यांना दिसत होतं. ऑपरेटरबाईंनी ताट थोडं पुढे सारलं.

"श्वास कसला," त्या म्हणाल्या. "घोरायचास तू. एवढंसं पोर आणि केवढं घोरणं! ते खांबावर हसायचे, तर मला इकडे घरात भीती वाटायची, हा माणूस हसता हसता पडणार." त्या थांबल्या. "खांबावरून नाही पडले ते. तुला काय वाटतं, खांबावरून पडले? साध्या तापाने गेले. घरी. मी ड्यूटीवर होते, सगळ्या गावाचे फोन जोडत."

मुलाने चमचा ताटात ठेवला.

"बोलायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "मग बोलायची सवयच गेली."

"मला सुट्टी आहे आज," तो म्हणाला. "उद्याही आहे."

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी ती गोळी कायमची बंद केली आणि दुसरी दिली. पाणी तहान लागेल तेवढं, मीठ जेवणात असतं तेवढं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त. पुन्हा डोकं जड झालं, मळमळलं, तोल गेला तर वाट न बघता यायचं. मुलाने सगळं दोनदा म्हणून दाखवलं. बाईंनी त्याच्या म्हणण्यातली एक चूक काढली.

रक्त द्यायला ते आले तेव्हा सिस्टर लॅबसमोरून जात होती. दोघं बाकावर बसले होते. बाई हातवारे करत कसली तरी हकिगत सांगत होत्या, मुलगा पुढे वाकून ऐकत होता, आणि त्यांचा नंबर पुकारला गेलाय हे दोघांच्याही गावी नव्हतं.

"या, बसा," बाईंनी सरकून जागा केली. "ऐका, हे एकदा पगाराच्या दिवशी भलत्याच खांबावर चढले..."

सिस्टर बाकाच्या टोकाला टेकली. गोष्ट जेमतेम अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात वॉर्डातून तिला हाक आली.